यादीवरून चटणी

अण्णांनी हाक मारली तेव्हा माझ्या हातात शेंगाचटणी आणि कडक भाकरीची प्लेट होती. जानेवारी, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. गड्ड्याच्या यात्रेसाठी अख्खं खानदान सोलापुरात गोळा झालेलं. आणि मी मोठ्या काकांच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात फुकटच्या वायफायवर एका लेखाची डेडलाइन मारत बसलेले.

‘‘ताई, जरा बगा की. जर्मनीच्या पार्टीची पेमेंटची पीडीएफ आलीये. क्लिक करून करून बोट दुखलालंय, उघडेनाच.’’

अण्णा म्हणजे काकांचे अकाउंटंट. बावीस वर्षांची नोकरी. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि जीएसटीच्या पोर्टलशी बोलताना थेट शिव्या. मी प्लेट घेऊनच त्यांच्या टेबलाशी गेले. स्क्रीनवर लाल-पांढरं, पीडीएफचं असतं तसं गोंडस चिन्ह. खाली नाव, ‘पेमेंट ॲडव्हाइस’. मीपण एकदा क्लिक करणार होते, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, ‘‘हात लावू नकोस!’’

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हिंजवडीत कॉम्प्युटर सिक्युरिटीचं काम करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे घरात कुणालाच माहीत नाही. काकू पाहुण्यांना सांगते, ‘‘तो व्हायरस पकडतो,’’ आणि पाहुणे त्याला खोकल्याचं औषध विचारतात. त्या दिवशी तो रेल्वेने नुकताच उतरला होता. पाठीवरची सॅकही अजून काढली नव्हती.

‘‘अण्णा, हे कधीपासून क्लिक करताय?’’

‘‘बुधवारपासून,’’ अण्णा म्हणाले.

दादाने काही न बोलता सीपीयूच्या मागे हात घातला आणि नेटची वायर उपटली. माझ्या डेडलाइनचं जे व्हायचं ते झालं. पण त्यानंतरच्या दोन तासांत मी जे शिकले, ते मास कॉमच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. तेच तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझाही एक कबुलीजबाब आहे, तो शेवटी.

आधी नाव तर नीट वाच!

पहिला फंडा अगदी बालवाडीतला. विंडोज आपल्या सोयीसाठी फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. सेटिंग मुद्दाम बदललं नाही तर ‘डॉट पीडीएफ’, ‘डॉट ईएक्सई’ असलं काही दिसत नाही. मग एखादा चालू माणूस आपल्या प्रोग्रामचं नाव ‘पेमेंट ॲडव्हाइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ठेवतो आणि त्याला पीडीएफचं चित्र चिकटवतो. शेवटचं ईएक्सई लपतं, पीडीएफ तेवढं उरतं. चित्राचं काय, कुणीही कुठलंही चिकटवावं. खाकी पॅन्ट घातली म्हणून कुणी पोलीस होत नाही.

दादाने ती फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली. ती चालवण्यासाठी नव्हे. लॅपटॉपच्या आत त्याचा एक वेगळा, कुलूपबंद कॉम्प्युटर आहे, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात त्याने ती टाकली आणि पीईस्टुडिओ नावाच्या एका टूलने तिचं पोट उघडलं. हे टूल फाइल फक्त वाचतं, सुरू करत नाही. स्फोटक आहे का हे बघायला वात पेटवायची नसते, एवढं साधं लॉजिक.

फाइलची पहिलीच दोन अक्षरं होती, एम आणि झेड. दादा म्हणाला, ‘‘हे बघ, इथेच चोरी पकडली.’’ एमझेड म्हणजे मार्क झ्बिकोवस्की. मायक्रोसॉफ्टच्या या इंजिनिअरने डॉसच्या काळात ईएक्सई फाइलचा साचा तयार केला आणि सुरुवातीला स्वतःची इनिशियल्स टाकली. डॉस गेलं. 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर पीई नावाचा नवा साचा आला. पण ती दोन अक्षरं आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर आहेत. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला मात्र ‘पीडीएफ’ असंच लिहिलेलं असतं. म्हणजे नाव खोटं, कपडे खोटे, पण जन्मखूण खरी. आपल्या सिनेमांत जत्रेत हरवलेले भाऊ असेच सापडायचे ना!

किराण्याची यादी

‘‘बरं, प्रोग्राम आहे हे कळलं. पण चोर आहे हे कशावरून?’’ मी विचारलं.

दादाने माझ्या प्लेटकडे बोट दाखवलं. ‘‘समज, किराणा दुकानात एक माणूस यादी घेऊन आला. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ. घरी काय होणार आहे?’’

‘‘शेंगाचटणी. हे काय विचारणं झालं?’’

‘‘तू त्याच्या स्वयंपाकघरात गेलीस का? चव घेतलीस का? नाही. फक्त यादी बघितलीस. मीही तेच करतोय.’’

आता नीट लक्ष द्या दोस्तहो, कारण इथे खरी गंमत आहे. विंडोजमधला कुठलाही प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. फाइल उघडणं, खिडकी दाखवणं, नेटवर जाणं, पासवर्ड साठवणं अशी हजारो कामं विंडोजने आधीच तयार करून ठेवलेली असतात. ती डीएलएल नावाच्या कोठारांमध्ये असतात. ‘कर्नल 32’ मध्ये फाइल्स आणि मेमरीची कामं, ‘युजर 32’ मध्ये खिडक्या, माऊस आणि कीबोर्डची, ‘ॲडव्हॅपी 32’ मध्ये रजिस्ट्री आणि परवानग्यांची, ‘विनआयनेट’ मध्ये इंटरनेटची. प्रोग्राम फक्त म्हणतो, मला या कोठारातून अमुक फंक्शन पाहिजे, त्या कोठारातून तमुक. ही मागणी त्याला फाइलमध्येच लिहून ठेवावी लागते, कारण सुरू करताना विंडोज ती यादी वाचून सामान जोडून देतं. या यादीचं नाव इंपोर्ट टेबल.

म्हणजे चोर कितीही हुशार असला तरी शिडी, हातमोजे आणि ग्राइंडर भाड्याने आणल्याची पावती त्याच्या खिशात सापडते. भारी ना?

अण्णांच्या ‘पीडीएफ’च्या यादीत हे होतं. सेटविंडोजहुकएक्स, म्हणजे कीबोर्डवर दाबलेली कळ संबंधित प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधी मला दाखवा. गेटएसिंककीस्टेट, म्हणजे अमुक कळ आत्ता दाबलेली आहे का ते सांगा. गेटफोरग्राउंडविंडो, म्हणजे माणूस आत्ता कुठल्या खिडकीत काम करतोय ते सांगा. रेगसेटव्हॅल्यूएक्स, म्हणजे रजिस्ट्रीत एक नोंद करा. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू व्हायचं असेल तर याच रस्त्याने जातात. आणि एचटीटीपीसेंडरिक्वेस्ट, म्हणजे हे सगळं बाहेर पाठवा.

शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ. चटणी तयार. या चटणीला म्हणतात कीलॉगर. अण्णांनी बुधवारपासून जे जे टाइप केलं, मेलचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड, बायकोला केलेला ‘दोडका आणतो’ हा मेसेजसुद्धा, ते सगळं कुठेतरी वाचलं जात असण्याची दाट शक्यता होती.

अण्णा खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी कधी विसरणार नाही.

पण लसूण घेतला म्हणजे गुन्हा नाही!

इथे माझ्यातली जर्नालिस्ट जागी झाली. मी म्हटलं, ‘‘मग सोपं आहे की. ज्याच्या यादीत तो हुकवाला प्रकार दिसेल, तो उडवायचा.’’

दादा हसला. त्याने अण्णांच्या मशीनवरच्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची सेटअप सीडी काढली. कारखान्यातल्या नोटिसा अण्णा त्यावर टाइप करतात. तीही फाइल त्याने उघडली. सेटविंडोजहुकएक्स, हजर! कारण उघड आहे. ‘के’ दाबल्यावर ‘क’ उमटवायचा तर कळ मध्येच पकडायला नको का? मग त्याने अकाउंटिंग पॅकेजचा अपडेटर दाखवला. त्याच्या यादीत यूआरएलडाउनलोडटूफाइल, म्हणजे नेटवरून फाइल उतरव. व्हायरसही हेच करतो आणि प्रामाणिक अपडेटही हेच करतो.

लसूण प्रत्येकाच्या यादीत असतो. एकट्या लसणावरून काही ठरत नाही. बघायचं ते तीन गोष्टींकडे. एक, यादीत काय-काय एकत्र आलंय. दोन, माणूस स्वतःला कोण म्हणवतो. टायपिंगच्या सॉफ्टवेअरने कळा ऐकल्या तर ते त्याचं काम आहे. पेमेंटच्या पावतीने ऐकल्या तर ती हेरगिरी आहे. आणि तीन, काय नाहीये. कळा ऐकणाऱ्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या यादीत बाहेर पाठवायचं काहीच नव्हतं. ऐकतो, पण कुणाला सांगत नाही. असा माणूस चालतो, नाही का?

हे डोकं नवीन नाही बरं. 2001 मध्येच अमेरिकेतल्या चौघा संशोधकांनी 4,266 फाइल्स घेतल्या, त्यात 3,265 वाईट आणि बाकीच्या चांगल्या. त्यातल्या काही फाइल्स कुठल्या कोठारातून काय मागतात हे कॉम्प्युटरला शिकवलं आणि न पाहिलेल्या फाइलचा अंदाज करायला लावला. यादीबरोबर फाइलमधली अक्षरं आणि बाइट्सचे तुकडेही त्यांनी तपासले. आज ज्याला लोक कौतुकाने एआय म्हणतात, त्याचा हा थोरला भाऊ.

तोवर अँटिव्हायरसचा मुख्य धंदा वेगळा होता. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. त्यांच्या धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. ही मराठी माणसाची सही स्टोरी तुम्ही ऐकलीच असेल. त्या काळात जगभरचे अँटिव्हायरस मुख्यतः सिग्नेचरवर चालायचे. म्हणजे पोलीस स्टेशनच्या भिंतीवर लावलेले फोटो. ज्याचा फोटो आहे तो पकडला जाणार. काल रात्री जन्मलेल्या चोराचा फोटो कुठून असणार? म्हणून आता फोटोबरोबर चालही बघतात, आणि चाल ओळखायची एक पायरी म्हणजे ही यादी.

यादीचं हस्ताक्षरही असतं. आमची काकू यादीत कायम आधी तिखट लिहिते आणि शेवटी चहा. सामान तेच असलं तरी क्रमावरून यादी तिची हे दुकानदार ओळखतो. इंपोर्टमधल्या नावांच्या क्रमावरून असाच एक छोटा ठसा काढतात, त्याला इंपहॅश म्हणतात. मँडियंट या अमेरिकी कंपनीने 2014 मध्ये तो लोकांपुढे आणला. दोन वेगवेगळ्या फाइल्सचा ठसा सारखा आला, तर दोन्ही एकाच घरच्या असण्याची शक्यता वाढते. खात्री नाही, शक्यता.

कोरी यादी आणि पुण्याची बँक

मी विचारलं, ‘‘चोरांना हे माहीत नसेल होय?’’

माहीत आहे की! म्हणून हुशार चोर यादीच कोरी ठेवतो. लोडलायब्ररी आणि गेटप्रॉकॲड्रेस एवढी दोनच नावं. पहिलं म्हणतं, कोठार उघड. दुसरं म्हणतं, त्यातली अमुक वस्तू कुठे आहे ते सांग. म्हणजे दुकानात येऊन सांगायचं, ‘‘सध्या फक्त पिशवी द्या. बाकीचं रात्री शटर खाली केल्यावर कानात सांगतो.’’ कधीकधी तर अख्खा प्रोग्रामच गुंडाळून ठेवतात, त्याला पॅकिंग म्हणतात. चालू झाल्यावरच तो उलगडतो.

पण कोरी यादीही बोलते. एवढी मोठी फाइल आणि मागणी फक्त दोन वस्तूंची? संशय घ्यायला तेवढं पुरे. अर्थात इथेही लगेच बेड्या नकोत. चोरी टाळण्यासाठी प्रामाणिक कंपन्याही सॉफ्टवेअर गुंडाळतात. डॉटनेटमध्ये लिहिलेल्या साध्यासरळ प्रोग्रामच्या यादीतही बऱ्याचदा एकच नाव दिसतं, कारण त्याचं खरं सामान दुसऱ्या कपाटात असतं. यादी संशय देते, निकाल देत नाही. निकालासाठी कोड वाचावा लागतो किंवा कुलूपबंद मशीनमध्ये फाइल चालवून बघावी लागते.

आणि कधीकधी यादी इतकी साधी असते की तिच्यावरून काहीच कळत नाही. याचं सगळ्यात महागडं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. पुण्याची कॉसमॉस बँक. 1906 साली सुरू झालेली सहकारी बँक. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की बँकेचा ‘स्विच’ नावाचा सर्व्हर हो किंवा नाही सांगतो. चोरांनी मालवेअर घुसवून मध्ये खोटा स्विच उभा केला. तो प्रत्येकाला म्हणत होता, ‘‘हो, द्या.’’ बनावट कार्डं घेऊन 28 देशांत माणसं उभीच होती. परदेशात सुमारे 12,000 व्यवहारांत 78 कोटी, भारतात 2,849 व्यवहारांत अडीच कोटी. मग 13 ऑगस्टला स्विफ्टमधून 13.92 कोटी हाँगकाँगला. एकूण 94 कोटी 42 लाख. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं. पण ती सगळी इथे एटीएमसमोर उभी राहिलेली साखळीतली माणसं. ‘हो, द्या’ म्हणणारा कुठे आणि कसा बसला होता, ते विचारू नका.

स्विचला फसवायच्या अशाच पद्धतीबद्दल अमेरिकी यंत्रणांनी ऑक्टोबर 2018 मध्ये ‘फास्टकॅश’ या नावाने इशारा दिला. 2020 च्या ऑगस्टमध्ये तिच्या विंडोजवरच्या आवृत्तीचीही माहिती बाहेर आली. ती चालू असलेल्या स्विच-प्रोग्रामच्या आत शिरून दोन फंक्शन्सच्या तोंडाशी बसायची, सेंड आणि रिसीव्ह. पाठव आणि घे. नेटवर बोलणाऱ्या कितीतरी प्रोग्राम्सच्या यादीत ही दोन नावं असतात. स्विचच्या यादीत तर असायलाच हवीत. यादी बघून काय कळणार? यादी चोख असली तरी दुकानाच्या दारात कोण उभा आहे हेही बघावं लागतं.

दादाने हे सांगितलं तेव्हा काका दारात येऊन उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘आपलं किती गेलं?’’

जर्मनीला फोन

त्यानंतरचा तासभर कुणी चटणीला हात लावला नाही. दादाने अण्णांच्या मशीनला शिवलंच नाही. माझ्या मोबाइलवरून, मोबाइलच्याच डेटावर, मेलचा पासवर्ड बदलला. काकांनी बँकेला फोन करून नेट बँकिंग बंद करायला सांगितलं. खात्यातले पैसे जागच्या जागी होते. पैसे पाठवताना ओटीपी काकांच्या मोबाइलवर येतो आणि काकांचा मोबाइल साधा, बटणांचा. घरात ज्याची सगळे चेष्टा करतात, त्यानेच वाचवलं.

पण मेलच्या सेटिंगमध्ये दादाला एक नियम सापडला, अण्णांनी कधीच न केलेला. ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ हा शब्द असेल, ती मेल आपोआप एका अनोळखी पत्त्यावर जात होती. आणि डिलीट केलेल्या मेल्समध्ये एक मेल, गुरुवारी रात्री काकांच्या नावाने जर्मनीच्या पार्टीला गेलेली. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात पाठवा.’ इंग्रजी इतकं चांगलं होतं की ते काकांचं नाही हे कुणालाही कळलं असतं.

अकरा लाखांचं पेमेंट होतं. त्यातूनच पुढच्या महिन्याचं सूत येणार होतं आणि चाळीसेक माणसांचे आठवड्याचे पगार निघणार होते.

काकांनी जर्मनीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच, कारण आजवर सगळं मेलवर चालायचं. ‘‘हॅलो सर, फ्रॉम सोलापूर. अकाउंट नो चेंज. सेम अकाउंट. सेम!’’ पलीकडची बाई काय बोलली ते मला नीट कळलं नाही, पण पेमेंट अजून सुटलं नव्हतं. तिथे शुक्रवारची दुपार होती आणि ती सोमवारी करणार होती.

काकांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम टॉवेलने पुसला. एक्स्पोर्ट क्वालिटीच्या. मग आम्ही तिघांनी सायबर क्राइमच्या 1930 नंबरवर तक्रार नोंदवली.

पैसे वाचले, पण काही गेलंच. मशीन फॉरमॅट करावं लागलं आणि शेवटचा बॅकअप निघाला दिवाळीतला. दिवाळी ते संक्रांत, सगळ्या एन्ट्र्या अण्णांनी आणि मी चार दिवस बसून पुन्हा टाइप केल्या. गड्ड्यावरचा पाळणा यंदा माझ्याशिवाय फिरला. अण्णा त्या चार दिवसांत फार बोलले नाहीत. बावीस वर्षांत एका पैशाचा हिशेब न चुकलेला माणूस ‘माझ्यामुळं झालं’ एवढंच पुटपुटायचा. त्यांना राग आला असता तर बरं वाटलं असतं.

आणि आता तो कबुलीजबाब. ‘अँटिव्हायरस घ्या आणि निवांत झोपा’ हे काकांना सांगणारी मीच. त्या मशीनवर अँटिव्हायरस होता, चालू होता, अपडेटेड होता आणि त्या फाइलसमोर ‘नो थ्रेट’ म्हणत हिरवी टिक दाखवत होता. आठवड्याने त्याच अँटिव्हायरसने तीच फाइल पकडली. त्याच्या भिंतीवर तोपर्यंत फोटो लागला होता. म्हणजे ते सॉफ्टवेअर खोटं नव्हतं, फक्त उशिरा पोचलं. खोटं होतं ते माझं ‘निवांत झोपा’. अण्णांनी हिरव्या टिकवर विश्वास ठेवला, कारण मी ठेवायला सांगितलं होतं. हे मी त्यांना चौथ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ताई, आपण दोघंबी पास.’’ त्या चार दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

तुम्ही काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे इंपोर्ट टेबल वाचत बसू? नका वाचू. पण सवय तीच ठेवा. विंडोजमध्ये फाइलचं शेपूट दिसेल असं सेटिंग आजच करा, दोन मिनिटांचं काम. संशय आला तर व्हायरसटोटल नावाची साइट आहे, स्पेनमध्ये 2004 ला सुरू झालेली आणि 2012 पासून गुगलची. फाइल तिथे टाकली की कितीतरी अँटिव्हायरसचं मत एकदम मिळतं, आणि ‘डिटेल्स’मध्ये इंपोर्टची यादीही दिसते. फक्त कंपनीची गोपनीय कागदपत्रं तिथे टाकू नका. तिथली फाइल इतर अभ्यासकांनाही बघता येते. आणि खातं बदलल्याचा मेल आला, तर मेलने उत्तर देऊ नका. जुन्या नंबरवर फोन करा, इंग्रजी कसंही असू दे.

मोबाइलवर तर यादी वाचणं आणखी सोपं आहे. 2024 मध्ये व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल्स फिरल्या, आठवतं? एपीके म्हणजे अँड्रॉइडचा ईएक्सई. ॲप काय-काय परवानग्या मागतंय हे फोन स्वतः तुम्हाला दाखवतो. ती यादीच आहे बॉस! लग्नपत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला वाचायचेत? मुहूर्ताचा ओटीपी येतो का?

परवा पुण्याला परतताना काकूने डबा दिला. दादाने झाकण न उघडता डबा हलवला, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘चटणी.’’

काकू म्हणाली, ‘‘लाडू आहेत. डबा चटणीचा आहे.’’

म्हणून सांगते दोस्तहो, डब्यावरून ठरवू नका. झाकण उघडून बघा. फक्त बोटाने डबल क्लिक करून नको.